आईच्या रेडिओतला भुंगा



मी जोयडा तालुक्यातल्या कुंभारवाड्याहून आलो आहे. आमच्या गावाचं नाव घेतलं की लोकांना काळी नदी आठवते, सुपा धरण आठवतं, अणशीचा घाट आणि वाघांचं रान आठवतं. आज मात्र मी आमच्या माजघरातल्या एका टेबलाबद्दल बोलणार आहे. त्या टेबलावर एक जुना संगणक आहे आणि गेल्या पावसाळ्यात त्यानं मला जवळजवळ तीन महिने अंधारात ठेवलं.

संगणकाचं नाव बीबीसी मायक्रो. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीनं तो बनवला आणि १९८१च्या डिसेंबरात तो बाजारात आला. बीबीसीचं नाव त्याला मिळालं, कारण त्या संस्थेनं लोकांना संगणक शिकवायचं ठरवलं होतं. १९८२च्या जानेवारीत टीव्हीवर त्या शिकवणीची मालिका सुरू झाली आणि मालिकेतलं करून पाहायला लोकांच्या हाती हे यंत्र आलं. आपल्या देशात ते आलं शाळांमुळे. केंद्र सरकारनं १९८४-८५ साली 'क्लास' नावाचा प्रकल्प काढला. सुरुवातीला सुमारे २५० शाळा निवडल्या आणि त्यांना बीबीसी मायक्रो दिले. पुढे मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सनं हेच यंत्र 'युनिकॉर्न' नावानं काढलं, आणखी एका भारतीय कंपनीनं 'डॉल्फिन' नावानं काढलं. आज पन्नाशीत असलेल्या कितीतरी माणसांनी आयुष्यातली पहिली कळ दाबली ती या यंत्राची.

माझ्याकडे आलेलं यंत्र बेळगावच्या एका भंगारवाल्याकडे वजनावर विकायला ठेवलेलं होतं. का टाकलं असं विचारलं, तर म्हणाला, "चित्र येत नाही, मेलंय ते." हे वाक्य मी पुष्कळदा ऐकलं आहे. पडदा काळा राहिला की यंत्र मेलं, असंच सगळे धरून चालतात. मीही तेच धरून चाललो होतो, म्हणून तर तीन महिने लागले.

घरी आणून पहिल्यांदा बटण दाबलं, तेव्हा पाच मिनिटांत पाठीमागून धूर निघाला. जळक्या कागदासारखा कडवट वास घरभर. घाबरून वायर ओढली. वीजपेटी उघडली तेव्हा कारण दिसलं. विजेच्या वाटेवर गोंगाट गाळायला बसवलेला एक कपॅसिटर असतो, पिवळसर पारदर्शक आवरणाचा, आत धातूचा मुलामा दिलेला कागद. चाळीस वर्षांत त्या आवरणाला बारीक तडे जातात, तड्यांतून दमट हवा आत शिरते, कागद ओल धरतो आणि वीज मिळाली की फुगून फुटतो. जोयड्याच्या पावसात तर त्याला वाचण्याची आशाच नाही. आमच्याकडे जून ते सप्टेंबर कपाटातल्या कपड्यांनाही बुरशी येते. म्हणून सांगतो, असं जुनं यंत्र हाती आलं तर लगेच चालू करून पाहू नका. आधी हे कपॅसिटर बदलून घ्या. त्या जागी एक्स-टू वर्गाचे, २७५ व्होल्टचे नवे बसतात. आणि ज्याला वीजपेटीतलं काम येत नाही त्यानं ती पेटी उघडूच नये. वायर काढली तरी आत बराच वेळ धक्का शिल्लक असतो. जुन्या काचेच्या टीव्हीचं मागचं झाकण तर त्याहून वाईट, तिथे हजारो व्होल्ट दबा धरून असतात.

कपॅसिटर बदलले. मीटर लावून पाहिलं, बोर्डावर पाच व्होल्ट नीट पोचत होते. तरी पडदा काळा, आवाज नाही. कळफलकावर 'कॅप्स लॉक'चा लाल दिवा तेवढा लागला होता. दिवा लागला म्हणजे वीज आली, यापलीकडे मी विचार केला नाही. यंत्रावर फडकं टाकलं आणि अधूनमधून चालू करून निराश होत राहिलो.

आमची आई स्वयंपाकघरात ट्रान्झिस्टर लावते. मीडियम वेव्हवर पणजी केंद्र, सकाळ-संध्याकाळ. एके दिवशी ती दारात येऊन म्हणाली, "अरे, तू तुझं ते खोकं सुरू केलंस की माझ्या रेडिओत भुंगा शिरतो. काहीच ऐकू येत नाही." मी म्हटलं, आई, ते बंद पडलेलं आहे. ती म्हणाली, "बंद पडलेलं कसं? इतका आवाज करतंय की."

मी ट्रान्झिस्टर आणून यंत्राशेजारी ठेवला, काटा केंद्राबाहेर फिरवला. खरंच, एकसारखी गुणगुण. यंत्र बंद केलं, गुणगुण गेली. चालू केलं, क्षणभर एक खरखर, मग वेगळी गुणगुण, आणि ती तशीच स्थिर. त्या क्षणभराच्या बदलानंच मला जागं केलं. नुसती वीज फिरत असती तर पहिल्यापासून एकच सूर लागला असता. सूर बदलला, म्हणजे आतला प्रोसेसर आधी एक काम करून मग दुसऱ्या कामाला लागला होता.

यात चमत्कार काही नाही. या यंत्राचा प्रोसेसर, ६५०२ नावाचा, सेकंदाला वीस लाख ठोक्यांनी चालतो. प्रत्येक ठोक्याला वायरींतून वीज उसळते आणि प्रत्येक वायर बारीकशी एरियल बनते. यंत्राची पेटी प्लॅस्टिकची, तिच्यात या लहरी अडत नाहीत. अमेरिकेत विकायचं म्हटल्यावर कंपनीला आत धातूचं आवरण घालावं लागलं होतं, ते याच कारणानं. आणि रेडिओनं संगणक ऐकणारी आमची आई पहिली नव्हे. १९७५ साली कॅलिफोर्नियात स्टीव्ह डॉम्पियर नावाच्या हौशी माणसानं अल्टेअर नावाच्या संगणकाशेजारी रेडिओ ठेवला होता. त्या संगणकाला पडदा नव्हता, कळफलक नव्हता. त्यानं आज्ञांची अशी मांडणी केली की रेडिओच्या खरखरीतून ओळखीच्या गाण्याची चाल उमटली. जमलेली माणसं उठून टाळ्या वाजवू लागली. नेदरलँड्समध्ये तर एनओएस या प्रसारण संस्थेच्या रेडिओवरून संगणकाचे प्रोग्रॅमच प्रसारित होत. लोक ते कॅसेटवर टिपून घेत आणि घरच्या यंत्रात भरत.

मग मी पेटी पुन्हा उघडली, या वेळी वेगळ्या नजरेनं. हे यंत्र ठीक असलं की सुरू होताना दोन सूर काढतं, आधी खालचा, लगेच वरचा आणि तोकडा. "बूऽ-बीप". पहिला सूर आपोआप लागतो. तो थांबवून दुसरा काढायचं काम आतली कार्यप्रणाली करते. म्हणून पहिलाच सूर लांबत राहिला तर प्रोसेसर अडला, असं समजायचं. माझ्याकडे दोन्ही नव्हते, कारण स्पीकरची एक वायर तुटून लोंबत होती. इतकंच. डाग दिला, बटण दाबलं. बूऽ-बीप! आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "बोललं की रे." आणि तो लाल दिवा? तोही कार्यप्रणालीच लावते. पहिल्या दिवसापासून तो मला सांगत होता की यंत्र जागं आहे.

आता पडदा काळाच, पण टाइप करायला काय हरकत? न दिसता 'व्हीडीयू ७' असं टाइप करून रिटर्न दाबलं. या आज्ञेचा अर्थ घंटा वाजव. घंटा वाजली. कळफलक चालतोय, प्रोसेसर चालतोय, बेसिक भाषा चालतेय, हे सगळं एका घंटेनं कळलं. उरलं फक्त चित्र.

चित्र बाहेर पडायला या यंत्राला पाठीमागे तीन दारं आहेत. एक टीव्हीच्या एरियलच्या जागी लावायचं, ते यूएचएफच्या ३६ क्रमांकाच्या चॅनेलवर चित्र पाठवतं. दुसरं कंपोझिट व्हिडिओचं गोल बीएनसी दार. तिसरं आरजीबी, म्हणजे लाल-हिरवा-निळा वेगवेगळा देणारं. मी पहिल्या दाराशी अडलो होतो. माझा जुना काळा-पांढरा टीव्ही फक्त व्हीएचएफ घेणारा, आपल्याकडे त्या काळी असे संच पुष्कळ होते. ३६ नंबर त्याला कधीच दिसणार नव्हता, यंत्र नवंकोरं असतं तरी. बेळगावहून बीएनसीला लागणारी पिन आणली आणि शेजाऱ्यांच्या टीव्हीच्या पिवळ्या एव्ही दारात वायर घातली.

चित्र आलं. आणि ते पाहून मी हसूही शकलो नाही, रडूही शकलो नाही. पडदाभर उद्गारचिन्हं. ओळीत चाळीस, अशा पंचवीस ओळी. त्यांच्यामध्ये काही अक्षरं. जिथे 'बीबीसी' हवं तिथे 'सीसीसी'. कॉम्प्यूटर या इंग्रजी शब्दातला पी गेला, क्यू आला. टी गेला, यू आला. आर गेला, एस आला. बाकीची अक्षरं मात्र जशीच्या तशी. ३२के हवं तिथे ३३के. आणि शेवटी बाणाच्या टोकासारखी जी खूण येते, तिच्या जागी प्रश्नचिन्ह.

त्या रात्री वीज गेली होती. मी कंदिलाच्या उजेडात कागदावर प्रत्येक अक्षराचा क्रमांक लिहून काढला. संगणकात प्रत्येक अक्षराला आकडा असतो. बीचा ६६, सीचा ६७. लहान लिपीतल्या पीचा ११२, क्यूचा ११३. टी ११६, यू ११७. कोऱ्या जागेचा ३२ आणि उद्गारचिन्हाचा ३३. बाणाच्या खुणेचा ६२, प्रश्नचिन्हाचा ६३. जी अक्षरं बदलली ती सगळी सम आकड्यांची होती, आणि प्रत्येकात बरोबर एक वाढला होता. जी बदलली नाहीत ती मुळातच विषम. म्हणजे आकड्याचा सर्वांत शेवटचा बिट, सम-विषम ठरवणारा, तो 'एक'वर अडकला होता. आठ तारांपैकी एकच तार बिघडलेली.

पण कुठली? मेमरीतच बिघाड असेल तर सगळीकडे दिसायला हवा. सकाळी वीज आल्यावर 'मोड १' टाइप केलं. पडदा स्वच्छ काळा झाला, अक्षरं अचूक, एकही उद्गारचिन्ह नाही. इथे या यंत्राची रचना मदतीला आली. सुरुवातीचा जो पडदा असतो, मोड ७, त्यात मेमरीतल्या अक्षरांचे आकडे एका लॅच चिपमधून एसएए-५०५० नावाच्या अक्षरं काढणाऱ्या चिपकडे जातात. बाकीच्या मोडमध्ये अक्षर ठिपक्यांनी रंगवून मेमरीत ठेवलेलं असतं आणि ते ठिपके थेट व्हिडिओ यूएलए नावाच्या दुसऱ्या चिपकडे जातात. मेमरी ठीक, प्रोसेसर ठीक, बिघाड त्या मधल्या वाटेवर. बोर्ड उन्हात धरला, भिंग लावलं. लॅच चिपच्या एका पायावर हिरवा गंज, डाग चिरलेला. या जातीच्या चिपचा पाय तुटून मोकळा राहिला, तर ती चिप तिथे 'एक' आलाय असंच धरून चालते. म्हणून सगळे सम विषम झाले होते. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पाय घासला, नवा डाग दिला. खर्च म्हणाल तर जवळजवळ काहीच नाही.

तुमच्या यंत्राचं दुखणं वेगळं असू शकतं. चित्र ठरत नसेल, तिरकं धावत असेल, तर सिंक जुळवणाऱ्या ६८४५ चिपकडे पाहा. चित्र स्थिर असून सगळ्याच मोडमध्ये ठिपके आणि रंग बिघडलेले असतील तर व्हिडिओ यूएलए. ती फार तापते, म्हणून सुरुवातीला बरं आणि दहा मिनिटांनी बिघडत असेल तर तिच्यावर पंखा धरून फरक पडतो का पाहा. आणि या सगळ्याच्या आधी सॉकेटमधल्या चिपा एकदा काढून, पाय पुसून, पुन्हा बसवा. आमच्या हवेत निम्मी दुखणी तेवढ्यानंच जातात.

एक राहिलं. कंपोझिटवर माझं चित्र काळं-पांढरंच होतं. तो बिघाड नाही. बोर्डावर एस-३९ नावाची जोडणी मोकळी सोडलेली असते, ती जोडली की रंग येतात. मी जोडली. एक छोटा प्रोग्रॅम लिहिला, आठ रंगांचे आठ पट्टे. आईला बोलावलं. ती हात पुसत आली, बराच वेळ पाहत राहिली आणि निळ्या पट्ट्यावर बोट ठेवून म्हणाली, हा रंग पूर्वी आमच्या लुगड्यांना असायचा.

भुंगा अजून आहे. तो जायचा नाही, यंत्र चालू आहे तोवर राहणारच. म्हणून बातम्यांच्या वेळी मी ते बंद ठेवतो.