खुंटीवरची पिशवी
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाच्या भावावर बोलायला पुढचे वक्ते आहेत. आम्ही बोलणार आहोत ते घरात खुंटीवर लटकणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीवर. माणूस दवाखान्यातून घरी येतो तेव्हा ही पिशवी त्याच्याबरोबर येते. डिस्चार्ज कार्ड, रक्ताचे रिपोर्ट, औषधाच्या चिठ्ठ्या, पावत्या, उरलेल्या गोळ्या, सगळे एकातच कोंबलेले. चार दिवस ती खुंटीवर राहते. मग एक्स-रे पोरांना ग्रहण बघायला कामी येतो आणि चिठ्ठ्या चुलीला. सात-बारा मात्र ट्रंकेच्या तळाशी, फडक्यात बांधलेला! जमिनीचा कागद आपण जपतो, जमीन कसणाऱ्याचा जपत नाही.

मध्यंतरी आम्ही महाडकडे गेलो होतो. महाडहून बिरवाडीवरून वरंधला रस्ता जातो, तोच पुढे घाट चढून भोरला उतरतो. तिकडे कपाशी नाही. पाऊस कोसळतो, भात होतो, वरकसावर नाचणी होते. पण एक दुखणे त्यांचे आणि आपले सारखे आहे. भारा उचलताना, दगड सारताना विंचू नाहीतर साप.

याच बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात 1976 साली डॉ. हिम्मतराव बावस्कर रुजू झाले. ते मूळचे कोकणातले नव्हेत. जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातले देहेड हे त्यांचे गाव, म्हणजे आपल्याच ज्वारी-कपाशीच्या मुलुखातले. लाल विंचू चावला की माणूस घामाने निथळायचा, उलट्या व्हायच्या, हातपाय गार पडायचे, मग फुफ्फुसात पाणी भरून तो जायचा. शंभरातले तीस-चाळीस दगावत. विंचू उतरवणाऱ्यापाशी इलाज नव्हता, तसा डॉक्टरच्या पुस्तकातही नव्हता. बावस्कर रुग्णाच्या उशाशी बसले आणि नाडी, रक्तदाब, घाम, जे दिसेल ते लिहीत गेले. त्या नोंदी 1982 साली ‘लॅन्सेट’ या विलायतेच्या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आल्या. पुढे रक्तदाबावरची प्राझोसिन नावाची साधी गोळी या विषावर चालते हे त्यांनी दाखवले. वेळेत गोळी मिळाली तर आता शंभरात एखादाच जातो. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. गोळी आधीपासून बाजारात होती. ती विंचवाला लागू पडते हे कळले ते त्या नोंदींमुळे.

वरंधला एका घरी चहाला बसलो होतो. घरधन्याला दोन वर्षांपूर्वी घोणस चावली होती. मूत्रपिंडावर परिणाम झाला, बरेच दिवस दवाखान्यात काढावे लागले. घरच्या बाई चौथी शिकलेल्या. त्यांनी फळीवरून बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला. वर डिस्चार्ज कार्ड, खाली रक्ताचे रिपोर्ट तारखेने लावलेले, आणि पोराच्या वहीचे एक पान. त्यावर लिहिले होते : सापाच्या लसीच्या कुप्या किती दिल्या, लस देताना अंगावर गांधी उठल्या, किडनीला जपा. पुढे त्या माणसाची कंबर धरली तेव्हा बाईंनी गावातल्या डॉक्टरपुढे आधी ते पान ठेवले. त्यांनी नेहमीची दुखण्याची गोळी लिहिता लिहिता हात आखडता घेतला, कारण अशा बऱ्याच गोळ्या दुखावलेल्या मूत्रपिंडाला सोसत नाहीत.

आता आपल्याकडचे ऐका. गेल्या हंगामात आमच्या ओळखीचा एक पोरगा कपाशी फवारताना पडला. दोन औषधे मिसळलेली. कोणती, ते दवाखान्यात कोणी सांगू शकले नाही. डबे बांधावरून नाल्यात गेले होते. पोरगा वाचला, पाचव्या दिवशी घरी आला. तिसऱ्या आठवड्यात पायातली ताकद गेली. काही फॉस्फरसवाल्या कीटकनाशकांनी असे मागाहून होऊ शकते. पण कार्ड सापडेना. दुसऱ्या गावच्या दवाखान्यात नेले, तिथे विषबाधेचे कोणी बोललेच नाही आणि तपासण्या पहिल्यापासून सुरू झाल्या. दोष कोणाला द्यायचा? आम्ही स्वतः त्याला घरी भेटून आलो होतो आणि कागद कुठे आहेत हे विचारले नव्हते.

2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दाखल झाले. तेव्हाही काय फवारले हा प्रश्न होताच. म्हणून डबा फेकू नका. त्याचे लेबल सोडवून, नाहीतर मोबाइलवर फोटो काढून, रुग्णाबरोबर पाठवा आणि मागाहून त्याच्या कागदात ठेवा.

दवाखाना सोडताना घाई असते, जीप उभी असते. तरी पाच मिनिटे थांबा. कार्डावरचे इंग्रजी डॉक्टरांकडून नाहीतर नर्सबाईंकडून मराठीत समजून घ्या आणि मागच्या बाजूला आपल्या हाताने लिहा : काय झाले होते, कोणते औषध सोसले नाही, कोणती गोळी किती दिवस, परत कधी यायचे, काय झाले तर लगेच यायचे. सापाची लस घेतलेल्याला आठ-दहा दिवसांनी ताप येऊन सांधे धरू शकतात. ते लसीमुळे असू शकते, हे नव्या डॉक्टरला कागदच सांगेल. कार्ड हरवले तर लाजू नका. 2002 च्या वैद्यकीय नियमावलीप्रमाणे मागणी केल्यापासून 72 तासांत कागद द्यायचे असतात, आणि दाखल रुग्णाचे कागद डॉक्टरने तीन वर्षे ठेवायचे असतात. अर्ज लेखी द्या, पोच घ्या.

जुन्या गोळ्या पिशवीतून आधी काढा. कोणाच्या, कशाच्या, हे विसरले की घरातले दुसरे कोणीतरी त्या खाते.

सरकारी मदतीचेही तेच. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंश, विंचूदंश, कीटकनाशकाची विषबाधा हे अपघातात धरले आहेत. मृत्यू झाल्यास वारसाला दोन लाख मिळतात. तालुका कृषी अधिकारी कागदच मागणार. आणि एक आमच्या मनातली गोष्ट. उत्पादन खर्चात फवारणीच्या औषधाची किंमत धरतात, फवारणीने झालेल्या दवाखान्याची धरत नाहीत. ती मागायची तर आधी पावत्या हव्यात. त्या प्रत्येक घरात जळून गेल्या असतील तर आम्ही कृषिमूल्य आयोगापुढे काय मांडायचे?

दाराशी कार्यकर्ते पुठ्ठ्याच्या फायली घेऊन बसले आहेत. ज्यांच्या घरी यंदा कोणी दाखल झाले होते त्यांनी एकेक घेऊन जावी. आज रात्री पिशवी रिकामी करा, कागद तारखेने लावा, आणि फाईल कुठे ठेवली ते घरातल्या दोन माणसांना तरी सांगा. पुढच्या बैठकीला येताना फवारणीच्या दवाखान्याच्या पावत्यांची बेरीज तेवढी चिठ्ठीवर लिहून आणा.