मोहावरचे दोन पाहुणे

मार्च-एप्रिलमध्ये भंडारा जिल्ह्यात कोका अभयारण्याच्या आसपास किंवा साकोलीकडे मोह फुलतो, तेव्हा एकाच झाडावर दोन पाळ्या चालतात. दिवसा पोपट, अंधार पडला की मोठं वटवाघूळ.

या वटवाघळाचे पंख पसरले की चार फुटांच्या आसपास भरतात. वजन किलोभर, कधी त्याहून जास्त. लहान वटवाघळं आवाजाचा प्रतिध्वनी ऐकून वाट काढतात; हे मात्र डोळ्यांवर आणि नाकावर विसंबतं. मोहाच्या रसाळ पाकळ्या खाताना त्याच्या तोंडाला, केसांना पराग चिकटतो आणि पुढच्या झाडावर पोचतो. फळं पिकली की गर चघळून बी दूर कुठेतरी टाकतं. जंगलाची फुकटातली लावणीच ही!

पोपटाचं काय? तो वाकड्या चोचीने बीच फोडतो, कच्ची फळंही कुरतडून खाली टाकतो. तरी लाडका तोच, आणि अपशकुनी ठरलं बिचारं वटवाघूळ. पोपटाची मादी ढोलीत तीन-चार अंडी घालते. वटवाघळाला वर्षाला बहुधा एकच पिल्लू. त्यामुळे वटवाघळांच्या वस्तीचा जुना वड तोडला, तर नुकसान भरून यायला वर्षं लागतात.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यात फळं खाणारी वटवाघळं उंदीर-कावळ्यांसोबत उपद्रवींच्या यादीत होती. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच काढून टाकली. आणि हो, आपला देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणं हासुद्धा गुन्हाच आहे.