हिवाळी वादळे आणि ध्रुवीय समुद्रावरील बर्फ



हिवाळी वादळात हिम पडले की उत्तर ध्रुवाकडील समुद्रावरचा बर्फ जाड होत असेल, असे मुलांस वाटणे स्वाभाविक आहे. पुष्कळदा उलटच घडते. 2015 साली ‘लान्स’ हे नॉर्वेचे जहाज स्वालबार्डच्या उत्तरेस बर्फात अडकवून शास्त्रज्ञांनी हे पाहिले. वादळ दक्षिणेची उबदार, दमट हवा आणी. प्रसंगी दोन दिवसांत तापमान उणे 40 अंशांवरून शून्याजवळ पोचे. वारा बर्फ फोडी, तो वेगळाच.

बर्फ जाड होतो तो खालून, समुद्राची उष्णता वर निघून गेल्याने. भुसभुशीत हिमाची गोधडी ती अडविते. गोधडी ऊब निर्माण करीत नाही, आतली राखते, हे वर्गात आधी पटवावे. थंडी परतली तरी गोधडी राहते, आणि बर्फ पातळच राहून उन्हाळ्याला सामोरा जातो.