मागचं दिसतंय का?

आमच्या गटातल्या तिघीजणी आता चारचाकी चालवतात. पापड-शेवया बाजाराला न्यायच्या, अडीनडीला कुणाला दवाखान्यात पोचवायचं, म्हणून गटानं जुनी गाडी घेतली. ती उभी राहते अंगणात, नाहीतर अंगणवाडीच्या दारात, आणि तिथं मागं कधी रांगतं मूल असतं, कधी करडू. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागं सेन्सर सक्तीचा झाला, पण आमची त्याआधीची. म्हणून कॅमेरा बसवून घेतला, आणि तो बंद पडला तर काय बघायचं तेही शिकलो.

चित्र अंधूक आलं की आधी भिंग बघा. बहुतेक वेळा चिखल नाहीतर धूळच असते. कोरड्या फडक्यानं घासू नका, ओरखडे पडतात आणि ते जात नाहीत. पाणी ओता, मग ओल्या सुती कापडानं पुसा. जुन्या लुगड्याचा तुकडा उत्तम! रॉकेल-पेट्रोल नको. गाडी धुताना जोराचा फवारा कॅमेऱ्यावर जवळून मारू देऊ नका. भिंगाच्या आतून वाफ धरत असेल आणि उन्हात वाळूनही पुन्हा येत असेल, तर आत पाणी शिरतंय. मग कॅमेरा बदलावाच लागतो.

स्क्रीन काळीच राहिली तर? इंजिन बंद ठेवा, हँडब्रेक ओढा, चाकांना पुढून-मागून दगड लावा. मग किल्ली नुसती ऑन करून रिव्हर्स गियर टाका. एकीनं बाजूला उभं राहून मागचा पांढरा दिवा बघायचा. वरून बसवलेल्या कॅमेऱ्याला वीज बहुधा त्याच दिव्याच्या वायरीतून येते. दिवाही लागत नसेल तर फ्यूज बघा. नवा फ्यूज त्याच आकड्याचा हवा. तार किंवा चांदी गुंडाळून काम भागवायचं नाही, वायरिंग जळतं.

दिवा लागतोय पण चित्र नाही, तर स्क्रीनमागची पिवळी पिन ढिली झालीय का बघा. तीही घट्ट असेल तर डिकीकडे या. बिजागरीजवळ रबरी नळीतून वायर जाते. डिकी उघडता-लावता ती रोज वाकते आणि आतल्या आत तुटते. डिकी हळूहळू हलवताना चित्र येत-जात असेल, तर दोष तिथंच. एका गॅरेजमध्ये आम्हाला ‘अख्खा कॅमेरा बदला’ म्हणून सांगितलं होतं. आम्ही डिकी हलवून दाखवली. वायर जोडून, टेप लावून काम झालं. ही जोडणी आम्ही स्वतः करत नाही, पण बिघाड कुठं आहे ते दाखवता आलं की कारागीरही नीट बोलतो.

नवा कॅमेरा बसवला की एकीला गाडीमागं डाव्या बाजूला उभं करा, इंजिन बंदच. ती स्क्रीनवरही डावीकडेच दिसली पाहिजे. काही कॅमेरे उलटं दाखवतात. तसं असेल तर तिथल्या तिथं बदलून घ्या.

आणि कॅमेरा चालू असला तरी अगदी बंपरखालचं आणि बाजूचं दिसत नाही. त्यामुळे आमच्यातली एक आधी गाडीभोवती फेरी मारते, मुलांना ओट्यावर बसवते आणि चालवणारीला आरशात दिसेल अशी बाजूला उभी राहते, गाडीच्या मागं नाही. तिनं हात केला की मगच गियर पडतो.