कुलूप न लावता बंद होणारी रुग्णालये

(धाराशिव जिल्ह्यातील कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)

गावचे रुग्णालय बंद पडले की लोक लोकप्रतिनिधीला जाब विचारतात आणि लोकप्रतिनिधी उत्तर देतो. एवढ्यावरच बहुतेक ठिकाणी प्रकरण मिटते. उत्तर मिळाले याचेच समाधान इतके मोठे असते की ते उत्तर खरे की खोटे, हे तपासण्याचे भान कोणाला राहत नाही. ही उत्तरेही आता ठरून गेलेली आहेत. पैसा नाही, डॉक्टर यावयास तयार नाहीत, हा विषय दुसऱ्या खात्याचा आहे, आणि मोठे रुग्णालय होत असताना लहानाचा आग्रह कशासाठी? या चार उत्तरांचा एकेक करून विचार करणे कार्यकर्त्यांचे कर्तव्य आहे.

पहिले उत्तर पैशाचे. जानेवारी 2020 मध्ये मुंबईत त्याची उघड परीक्षा झाली. परळच्या गिरणगावात 1920 च्या दशकात उभे राहिलेले वाडिया प्रसूतिगृह आणि बालरुग्णालय बंद पडण्याच्या मार्गावर होते. अनुदान थकले असे संस्था म्हणत होती, संस्थेच्या कारभारात दोष आहेत असे महानगरपालिका म्हणत होती, आणि आजारी मूल कडेवर घेतलेली आई या दोघांच्या मध्ये उभी होती. कर्मचारी आणि रुग्णांचे नातेवाईक रस्त्यावर आले, वर्तमानपत्रांनी आवाज उठवला. पुतळ्यांसाठी पैसा आहे आणि रुग्णालयांसाठी नाही, अशा आशयाचे खडे बोल उच्च न्यायालयाने शासनाला सुनावले. त्याच महिन्यात राज्य शासन आणि महापालिका यांच्याकडून मिळून 46 कोटी रुपये देण्याचे जाहीर झाले. तिजोरी तीच होती आणि राज्यकर्तेही तेच होते. बदलले होते ते एवढेच की, उत्तर चारचौघांत द्यावे लागले.

कायद्याच्या कसोटीवरही हे उत्तर टिकत नाही. पश्चिम बंगालमध्ये रेल्वेगाडीतून पडून जखमी झालेल्या एका कष्टकऱ्याला 1992 मध्ये एकामागून एक शासकीय रुग्णालयांनी खाट रिकामी नाही किंवा सोय नाही म्हणून परत पाठवले. पश्चिम बंग खेत मजदूर समिती त्याच्या बाजूने उभी राहिली. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, वेळेवर उपचार न मिळणे हा जगण्याच्या मूलभूत अधिकाराचा भंग आहे आणि पैशाची अडचण सांगून शासनाला ही जबाबदारी टाळता येणार नाही. शेतमजुरांच्या एका संघटनेने मिळवलेला हा निर्णय प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक असला पाहिजे.

दुसरे उत्तर डॉक्टर मिळत नाहीत, हे. यात तथ्य आहे, आणि म्हणूनच ते अधिक फसवे आहे. रुग्णालय सहसा शासकीय आदेशाने बंद होत नाही. आधी शस्त्रक्रिया करणाऱ्याची बदली होते. मग भूलतज्ज्ञाची जागा रिक्त राहते. पुढे प्रसूतीसाठी आलेल्या बाईला ‘सोलापूरला न्या’ असे सांगण्यात येते. काही काळाने रुग्ण येईनासे होतात, आणि रुग्ण येत नाहीत हेच मग जागा न भरण्याचे कारण ठरते. इमारत उभी, फलक शाबूत, दार उघडे. तरीही रुग्णालय बंद! अशा बंदीची तारीख कोणत्याही दप्तरात सापडत नाही. म्हणून तिच्याविरुद्ध मोर्चाही निघत नाही.

या ठिकाणी हिशेब मांडलाच पाहिजे. सपाट प्रदेशात 30,000 लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि 1,20,000 लोकसंख्येमागे 30 खाटांचे एक ग्रामीण रुग्णालय, हा शासनाने स्वतःच मान्य केलेला निकष आहे. 2011 च्या जनगणनेनुसार धाराशिव जिल्ह्याची लोकसंख्या 16 लाख 57 हजार असून तिच्यातील शेकडा 83 लोक खेड्यांत राहतात. म्हणजे ग्रामीण भागासाठीच सुमारे 46 आरोग्य केंद्रे आणि 11 ते 12 ग्रामीण रुग्णालये हवीत. ती नुसती बांधलेली नव्हे, तर माणसांनी आणि औषधांनी भरलेली हवीत. विभागीय असमतोलाचा शोध घेणाऱ्या दांडेकर समितीने 1984 मध्ये राज्याचा एकूण 3,186 कोटींचा अनुशेष मोजला, तेव्हा आरोग्यसेवा ही त्यातील एक स्वतंत्र बाब होती. मराठवाड्याच्या वाट्याला आलेली उपेक्षा ही नव्याने केलेली तक्रार नव्हे. ती शासनाच्याच समितीने आकड्यांत मांडलेली आहे.

तिसरे उत्तर खात्याचे. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे, ग्रामीण रुग्णालय राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाकडे, आणि वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय वैद्यकीय शिक्षण खात्याकडे. जिल्हा परिषद सदस्याला डॉक्टर नेमण्याचा अधिकार नाही, हे खरेच आहे. त्याला नसलेल्या अधिकाराबद्दल दोष देणे अन्यायाचे होईल. परंतु ‘हे माझ्या हाती नाही’ या वाक्यानंतर ‘ज्याच्या हाती आहे त्याला मी काय विचारले’ हे दुसरे वाक्य आले पाहिजे. ते येत नसेल, तर पहिले वाक्य म्हणजे केवळ अंग काढून घेणे होय.

चौथे उत्तर मोठ्या रुग्णालयाचे. जानेवारी 2021 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने या जिल्ह्यासाठी 100 विद्यार्थ्यांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि 430 खाटांचे संलग्न रुग्णालय मंजूर केले. ही मागणी रास्तच होती आणि तिचे स्वागतच केले पाहिजे. मात्र जिल्ह्याच्या ठिकाणी झालेली सोय परंडा, भूम किंवा उमरगा तालुक्यातील वस्तीवर रात्री पोचत नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपाने लातूर आणि या जिल्ह्यातील गावे जमीनदोस्त केली, तेव्हा लोहारा-उमरगा भागातील माणसांना जवळचे रुग्णालय म्हणजे काय, हे कोणी शिकवावे लागले नाही. सर्पदंश झालेल्या सालगड्याला किंवा ऊसतोडीहून परतलेल्या गरोदर बाईला खाटांची संख्या नव्हे, वाटेत जाणारा वेळ मारतो. विमा योजनेच्या कार्डाचेही तेच. कार्ड उपचाराचे पैसे भरील. जेथे रुग्णालयच नाही तेथे ते रुग्णालय उभे करीत नाही.

मग करावयाचे काय? नवा मार्ग शोधण्याची गरज नाही. आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख ठेवण्याचे काम महाराष्ट्रात 2007 मध्ये ज्या पाच जिल्ह्यांत सुरू झाले, त्यांत तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा होता. गावोगावच्या लोकांनी आरोग्य केंद्रांची पाहणी केली, प्रगतिपत्रके भरली, जनसुनवाईत अधिकाऱ्यांना समोर बसवून प्रश्न विचारले. या जिल्ह्यातील शेतकरी-शेतमजुरांना ही रीत परकी नाही.

तीच रीत पुन्हा उचलली पाहिजे. प्रत्येक रुग्णालयात मंजूर पदे किती, भरलेली किती आणि भूलतज्ज्ञ कोणत्या तारखेपासून नाही, हे माहितीच्या अधिकारात लेखी मागावे. गेल्या वर्षात किती प्रसूती झाल्या आणि किती बायांना पुढे पाठवले, याची नोंद मिळवावी. तो कागद ग्रामसभेत वाचून दाखवावा. रुग्ण कल्याण समितीच्या बैठका झाल्या की नाहीत, हे विचारावे. आणि लोकप्रतिनिधी उत्तर द्यावयास उभा राहील तेव्हा त्याच्याविरुद्ध घोषणा देण्यापूर्वी त्याच्याकडून तीन गोष्टी घ्याव्यात: नाव, तारीख आणि सही. कोण करणार, केव्हापर्यंत करणार, आणि हे लिहून देणार काय?

उपचाराचा खर्च पेलत नाही म्हणून कोणालाही वैद्यकीय मदत नाकारली जाऊ नये, हे तत्त्व भोर समितीने 1946 मध्ये, देश स्वतंत्र होण्यापूर्वीच मांडले होते. 15 ऑगस्ट 2023 पासून महाराष्ट्राच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क करण्यात आले. तत्त्वाच्या बाजूने ही मजल मोठी आहे. परंतु ज्या रुग्णालयात डॉक्टरच नाही, तेथील मोफत उपचाराला काही अर्थ उरत नाही. दार उघडे आहे, शुल्क नाही आणि आत कोणी नाही, ही अवस्था जोवर आहे तोवर साथींनो, प्रश्न विचारणे थांबवता येणार नाही.