फुलझाडांचा रोग ओळखावा कसा?



लग्नाचा सेहरा असो, दर्ग्यावरची चादर असो की दसऱ्याचे तोरण असो, फुलांवाचून आपले चालत नाही. म्हणून आज फुलझाडांच्या विषाणूंविषयी थोडे बोलतो.

ट्यूलिपचे फूल सोळाव्या शतकात तुर्कस्तानातून युरोपात गेले. हॉलंडमध्ये पट्टेदार ट्यूलिपच्या कंदांना अफाट किंमत आली आणि 1637 साली तो बाजार कोसळला. ते मोहक पट्टे म्हणजे रोग होता. रोगट कंदातून तो निरोगी कंदात उतरतो, हे 1928 साली डोरोथी केली या विदुषीने दाखविले.

आता आपल्या शिवाराकडे वळू. 1997 साली कर्नाटकातील बागेपल्ली भागात सूर्यफुलाची पाने करपली, फुले वेडीवाकडी झाली. पुढे हा रोग महाराष्ट्रातही आला. विषाणू निघाला तंबाखूच्या नावाचा, 'टोबॅको स्ट्रीक'! विषाणूला बहुधा तो प्रथम ज्या पिकावर आढळला त्याचे नाव पडते. म्हणूनच काकडीच्या नावाचा विषाणू ग्लॅडिओलस व लिलीवरही सापडतो.

मग ओळखावे कसे? नुसत्या डोळ्यांनी फक्त संशय घेता येतो. शास्त्रज्ञ रोगट पानाचा रस चवळीसारख्या रोपावर चोळून डाग पाहतात, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली आकार पाहतात, 'एलायझा' चाचणी घेतात, जनुकद्रव्य तपासतात. अशा खुणांवरून 1966 पासून एक आंतरराष्ट्रीय समिती विषाणूंची कुळे लावीत आली आहे. वरील दोन्ही विषाणू एकाच कुळातले. पण काकडीचा माव्यामार्फत पसरतो, तर तंबाखूचा परागकणांतून. गाजर गवत आजारी दिसत नाही, तरी त्याच्या परागांत हा विषाणू असतो. फुलकिडे ते पराग पिकावर नेतात आणि त्यांनी पाने खरवडली की जखमेतून विषाणू आत शिरतो.

रोगी झाडाला बरे करील असे औषध नाही. बुरशीचे औषध फवारणे म्हणजे पैसा मातीत घालणे होय. बांधावरचे गाजर गवत फुलण्यापूर्वी उपटावे, हाताला फडके बांधून उपटावे, व शेताच्या कडेने ज्वारीच्या काही ओळी पेराव्यात. शंका आल्यास पान घेऊन परभणीच्या कृषी विद्यापीठातील जाणकारांना विचारावे.

पालकहो, दुकानदार देईल ती बाटली आणण्याआधी "रोग कोणता?" असे विचारणारा मुलगा किंवा मुलगी घरात असावी. तेवढ्यासाठी तरी त्यांना विज्ञान शिकू द्या.