तळ्याकाठचे बिऱ्हाड
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला प्रवासाचे अनुभव सांगावयास उभे केले आहे. परंतु मला प्रवासापेक्षा एका बिऱ्हाडाविषयी सांगावयाचे आहे.

माझी धाकटी मुलगी पुण्याच्या एका कंपनीचे काम संगणकावर करते. तिला कचेरीत जावे लागत नाही. जेथे इंटरनेट, तेथे तिची कचेरी. अशा लोकांना हल्ली ‘डिजिटल नोमॅड’ म्हणतात. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, एवढाच अर्थ मी त्यातून घेतला होता. २०२३ च्या जूनमध्ये कंपनीची परवानगी काढून ती नेपाळात पोखरा येथे एकटी राहावयास गेली, तेव्हा मला रागही आला आणि भीतीही वाटली. पुढे श्रावणात तीन दिवस तिचा फोन आला नाही. नुसते ‘ठीक आहे’ असे निरोप. आईला तेवढ्यावरून कळते. तिला परत आणावयाचेच, असे ठरवून मी निघाले.

गोरखपूरपर्यंत आगगाडी, मग सुनौलीची सरहद्द, आणि पुढे दिवसभर डोंगरातून बस. आपल्याला तेथे व्हिसा लागत नाही. परंतु पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ असावे, आधार कार्डावर विसंबू नये. पोखरा हे फेवा तलावाच्या काठी वसलेले, काठमांडूहून लहान आणि शांत शहर आहे.

मुलगी तापातून नुकतीच उठली होती. खाली राहणाऱ्या घरमालकीणबाईंनी, तिच्या दिदींनी, तीन दिवस तिला जाउलो करून घातला होता. जाउलो म्हणजे आपली मऊ खिचडी. डॉक्टरांकडेही त्याच घेऊन गेल्या होत्या. मी रागावण्यासाठी गेलेली बाई, काय बोलणार? दिदींचे हात हातात घेतले आणि सहा आठवडे तेथेच राहिले.

त्या मुक्कामात जे कळले ते सांगते, कारण आपल्यापैकी अनेकींची मुले आज ना उद्या असे बिऱ्हाड करतील. तलावालगतच्या बैदाम भागाला सारे ‘लेकसाइड’ म्हणतात. तेथे पाहुण्यांची वर्दळ फार. राहावयाचे असेल तर दोन गल्ल्या आत खोली पाहावी. आगाऊ भाडे देण्यापूर्वी त्याच खोलीत बसून इंटरनेट तपासावे, आणि तेथील मोबाइलचे सिमही घ्यावे. पावसात वीज गेली तर तेच उपयोगी पडते. भारतीय शंभर रुपयांचे नेपाळी एकशेसाठ होतात. दुकानदार ‘आयसी की एनसी?’ असे विचारतो, म्हणजे दर भारतीय रुपयांत की नेपाळी, ते आधी ठरवावे. तेथील घड्याळ आपल्या पंधरा मिनिटे पुढे असते. पुण्याची साडेनऊची बैठक तेथे पावणेदहाला! पिण्याचे पाणी वीस लिटरच्या जारमधून घेतात. तुरीच्या डाळीला रहर म्हणतात. पाट्या देवनागरीत असल्यामुळे माझ्यासारखीलाही वाचता येतात.

पावसाळ्यात मात्र नव्याने जाऊ नये. पाऊस मुंबईहून पुष्कळ अधिक. कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत आणि डोंगर ढगांत दडलेले असतात. आश्विन-कार्तिकात आकाश निवळते आणि माछापुच्छ्रेचे शिखर खिडकीतून दिसते. घटस्थापनेला त्यांचा दसैं सुरू होतो. सणाच्या मुख्य दिवसांत दुकाने बंद असतात, माणसे गावी जातात. म्हणून किराणा आधी भरून ठेवावा.

परंतु सर्वांत मोठी सोय कोणत्याही यादीत नसते. दिदी जिन्यात भेटल्या की ‘खाना खानुभयो?’ म्हणजे ‘जेवलात का?’ असे विचारीत. तेथे ही कुशल विचारण्याची रीतच आहे. त्या रीतीमुळेच, मुलगी जेवावयास खाली आली नाही हे त्यांच्या ध्यानात आले. इंटरनेटने तिला पगार दिला; तिचा ताप ओळखला तो शेजाराने. मी मुलीला परत आणले नाही. घटस्थापनेच्या दिवशी दिदींच्या स्वाधीन करून एकटीच परतले.

परत आल्यावर एक गोष्ट मनाला लागली. आपल्याच गल्लीत, नव्या इमारतींतून, परगावच्या मुली अशाच संगणक घेऊन एकट्या राहतात. आपण त्यांच्याविषयी बोलतो, त्यांच्याशी बोलत नाही. मीही त्यांतलीच होते. माझ्या जिन्यावरच्या मुलीचे नाव मला दोन वर्षे ठाऊक नव्हते.

म्हणून मंडळापुढे एकच सूचना ठेवते. येत्या हळदीकुंकवाचे बोलावणे या मुलींच्या दारापर्यंत जावे, आणि एरवीही जिन्यात भेटतील तेव्हा ‘जेवलीस का ग?’ एवढे विचारावे. कोणाची तरी आई दूर गावी फोनपाशी बसलेली असते.